पाला वाळल्यावर बटाटा फुगत नाही

परवा रात्री दाजींचा फोन आला. खेड तालुक्यात त्यांचा एकरभर चिप्सोना, म्हणजे चिप्ससाठीच्या जातीचा बटाटा आहे, पाला वाळून आडवा झालाय. काढणी कधी धरताय विचारलं, तर म्हणाले, "थांबलोय अजून महिनाभर. तू मेसेज वाचला नाहीस का?" मग तो मेसेज त्यांनी मला पाठवला. त्याआधीच तो तीन ग्रुपवरून माझ्याकडे येऊन पडला होता.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं. बटाटा जितका उशिरा काढाल तितकं वजन वाढतं आणि चिप्स बिघडवणारी साखर उतरते. पाला वाळल्यावरही महिनाभर माल जमिनीतच ठेवा. पाला कापणं म्हणजे स्वतःच्या हातानं उत्पादन घालवणं. काढलेला बटाटा दोन दिवस उन्हात टाका, साल पक्की होते. इतकं करूनही साखर राहिली, तर ती कोल्ड स्टोरेजमध्ये मरते.

यातलं सगळ्यात घातक आहे ते महिनाभर थांबायचं. बटाटा फुगतो कशावर? पानं उन्हात साखर तयार करतात, ती खोडातून खाली उतरते आणि बटाट्यात तिचा स्टार्च होतो. बटाट्याला जमिनीतून मिळतं ते पाणी आणि खतातलं अन्नद्रव्य. स्टार्चचा सगळा माल वरून येतो. पाला मेला की तो बंद. म्हणजे पाला वाळल्यानंतरच्या तीस दिवसांत बटाट्यात एक ग्रॅमही नवीन भर पडत नाही. उलट बटाटा जिवंत असतो, श्वास घेत असतो आणि त्यासाठी स्वतःचाच स्टार्च जाळत असतो. जमीन जितकी तापेल तितका हा खर्च वाढतो.

आणि जमीन तापणारच. नोव्हेंबरात लावलेल्या रब्बी बटाट्याचा पाला फेब्रुवारीत वाळतो, त्यापुढचा महिना म्हणजे आपल्याकडचा मार्च. पाणी तोडलेलं असतं, वरंब्याला भेगा पडतात आणि त्या भेगांतून पाकोळी, म्हणजे बटाट्यावरचा पतंग, थेट बटाट्यापर्यंत जाऊन डोळ्यांवर अंडी घालते. वरून माल स्वच्छ दिसतो, कापला की आत अळीची काळी भुयारं. चिप्सच्या गाडीत असा माल कोण घेईल? साखरेचंही तसंच. जरठ झालेल्या, उन्हानं तापलेल्या बटाट्यात ती उतरत नाही, पुन्हा चढायला लागते.

आता मेसेजमधलं अर्धं खरं आहे ते मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. घाईनं काढलेला बटाटा तोट्याचाच. पाला हिरवागार असताना, भाव चढलाय म्हणून सत्तराव्या-पंचाहत्तराव्या दिवशी नांगर घातला, तर एकरी टनाच्या हिशेबात वजन जातं. अशा कोवळ्या बटाट्यात स्टार्च न झालेली साखर शिल्लक असते, साठवणीत तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि कढईत त्याच साखरेनं चिप्स तपकिरी, कडवट होतात. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तळलेल्या बटाट्यात आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन, अ‍ॅक्रिलामाइड दाखवलं, तेही याच साखरेच्या आणि बटाट्यातल्या अमिनो आम्लाच्या, म्हणजे अ‍ॅस्परॅजिनच्या संयोगातून होतं. म्हणून 'थांबा' हा सल्ला बरोबर आहे. पण तो पाला पिवळा पडेपर्यंतचा. वाळून गेल्यावर कशासाठी थांबायचं?

चिप्सोना-1 शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं 1998 मध्ये दिली, ती मुळातच प्रक्रियेसाठी. चिप्सच्या बटाट्यात कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, 20 टक्क्यांवर हवा आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर ताज्या वजनाच्या 100 ग्रॅममागे 100 मिलिग्रॅमच्या आत हवी. साधारण शंभर-एकशेदहा दिवसांनी पाला पिवळा पडला की तो कापायचा आणि पुढे 10 ते 15 दिवसांत काढणी करायची, ही शिफारस आहे. साल पक्की होते ती या दिवसांत, मातीच्या आत. पाला कापणं म्हणजे उत्पादन घालवणं, असं म्हणणाऱ्यानं साल सुटलेल्या बटाट्याचे कट्टे कधी उचललेले दिसत नाहीत.

उन्हात दोन दिवस टाकलेला बटाटा हिरवा पडतो, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि प्रतवारीत तो बाजूला जातो. माल सुकवायचा तो सावलीत, आरण, म्हणजे बटाट्याचा ढीग, लावायची तीही पाचट-पेंढ्यानं नीट झाकून.

कोल्ड स्टोरेजचं तर साफ उलटं आहे. 2 ते 4 अंशांना बटाटा टिकतो खरा, पण गोड होतो, कारण थंडीत स्टार्चची साखर होते. बियाण्याला ते चालतं. म्हणून चिप्सचा बटाटा 10 ते 12 अंशांना, कोंब येऊ नयेत याची व्यवस्था करून ठेवतात.

दाजी, तुमचा पाला वाळून दहा दिवस झाले. उद्या सकाळी वावराच्या चार कोपऱ्यांतून दहा बटाटे उकरा. अंगठ्यानं घासून साल सुटत नसेल, तर एक लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅम या हिशेबानं बादलीत मीठ विरघळवा. त्या पाण्याची घनता 1.08 च्या आसपास असते. बटाटे तळाला गेले, तर कोरडा अंश पुरेसा भरलाय. मग ताईला त्यातल्याच दोन-तीन बटाट्यांच्या पातळ चकत्या तळायला सांगा. फिक्या निघाल्या, तर त्याच दिवशी वेचणीच्या बायकांना निरोप द्या आणि नांगर घाला. लाल निघाल्या, तर मला फोन करा, पण महिनाभर थांबू नका. मी शनिवारी येतोय, कट्टे भरायला माझेही दोन हात होतील.