ब्रोडीला विसरलात की राव
तुमच्या लेखात एलसीडीचं (द्रव-स्फटिकाच्या सपाट पडद्याचं) सगळं श्रेय आरसीए या अमेरिकी कंपनीच्या जॉर्ज हाइलमायरला दिलंय, १९६८ च्या डेमोपुरतं ठीकय, पण पीटर ब्रोडीचं नावसुद्धा नाही? मूळचा बुडापेस्टचा, पिट्सबर्गला वेस्टिंगहाउस कंपनीत होता. पडद्यावरच्या ठिपक्यांच्या ओळी वाढवल्या की चित्र फिकं पडायचं, म्हणून यानं प्रत्येक ठिपक्यामागे एकेक ट्रान्झिस्टर (बारीकसा विजेचा स्विच) बसवायचं डोक्यात घेतलं आणि तेही काचेवर, कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचा पातळ थर देऊन, सिलिकॉन नाहीच! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच ६ इंची पॅनल चालवून दाखवलं. कंपनीनं मात्र १९७९ ला प्रोजेक्टच गुंडाळला, कमाल आहे. मग गड्यानं नोकरी सोडून १९८१ मध्ये स्वतःची पॅनेलव्हिजन कंपनी काढली. धंदा शेवटी जपान्यांनीच केला, तो अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेलं, सिलिकॉन वापरून.