चित्रपुस्तकातला हिवाळा आणि मफलर गुंडाळलेले अस्वल

बाहेर बर्फ पडतो आहे, आत शेकोटी पेटली आहे, अस्वल, ससा, खार आणि हेजहॉग गळ्याला मफलर गुंडाळून गरम पेयाचे कप हातात धरून बसले आहेत आणि शेवटच्या पानावर सगळे एकाच पांघरुणात झोपी जातात. हिवाळ्यातल्या उबदार दिवसाचे असे चित्रपुस्तक मराठीत आले की मायदेशी एक वाद हमखास सुरू होतो: ज्या मुलांनी बर्फ कधी पाहिलाच नाही, त्यांच्या हाती हे का द्यावे? मी कॅनडात राहते आणि हा वाद आस्थेने वाचते. पण तो चुकीच्या जागी घातला जातो आहे, असे मला वाटते.

या आक्षेपामागे एक गृहीत आहे, ते म्हणजे बर्फात वाढणाऱ्या मुलांना हे पुस्तक आपोआप आपले वाटत असणार. इथल्या मुलांना बर्फ ठाऊक आहे हे खरे, पण गुहेत झोपलेले अस्वल त्यांनीही पाहिलेले नसते. शिवाय लांबच्या जगामुळे मुलांचे कधीच अडत नाही. समुद्र न पाहिलेले मूलही देवमाशाचे चित्र पुन्हा पुन्हा उघडून बघते.

मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. या पुस्तकांतली सगळी ऊब माणसाची असते आणि प्राण्यांची स्वतःची ऊब, जी कितीतरी अधिक थक्क करणारी आहे, ती पानांवर येतच नाही. इथले काळे अस्वल हिवाळ्यातले काही महिने न खाता, न पिता, मलमूत्र विसर्जन न करता काढते आणि तरीही त्याच्या शरीराचे तापमान थोड्याच अंशांनी उतरते. मादी तर त्याच काळात, भर हिवाळ्यात, अर्धा किलोही वजन नसलेली पिल्ले जन्माला घालते आणि वसंत येईपर्यंत त्यांना केवळ आपल्या दुधावर वाढवते. माझ्या खिडकीसमोरची करडी खार मात्र शीतनिद्रा घेतच नाही. कडाक्याच्या थंडीत ती शेपूट पाठीवरून डोक्यापर्यंत ओढून फांदीला चिकटून बसते, मग खाली उतरून बर्फात नाक खुपसते, पुढच्या पायांनी भराभर उकरते आणि पानगळीच्या दिवसांत पुरून ठेवलेले ओकचे फळ तोंडात धरून पुन्हा वर जाते. आणि बर्फ! पुस्तकात तो नेहमी खिडकीबाहेरचा गारठा असतो. प्रत्यक्षात हवेत उणे २० अंश असतानाही जाड बर्फाच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान शून्याच्या आसपास टिकते, कारण बर्फात कोंडलेली हवा जमिनीतली उष्णता सहजी निसटू देत नाही. तिथे उंदरासारखे छोटे प्राणी बोगदे करून हिवाळाभर वावरतात. म्हणजे ज्याच्यापासून लपायचे असे पुस्तक शिकवते, तेच या प्राण्यांचे पांघरूण असते.

प्राण्यांना माणसासारखे वागवणे ही परकी खोड आहे, असेही मायदेशी काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. पंचतंत्रातले कोल्हे आणि कावळे पूर्वीपासून बोलत आले आहेत. मात्र तिथे विषय चातुर्याचा आणि वागणुकीचा असतो, त्यामुळे कोल्हा खरोखर कसा जगतो याला फारसे महत्त्व नसते. उबदार दिवसाच्या पुस्तकात असे कथानक नसते. ऊब हाच त्याचा सगळा विषय असतो, म्हणून तिच्याविषयी ते काय सांगते याला महत्त्व येते. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की प्राण्यांना माणसासारखे रंगवणारी पुस्तके ऐकलेल्या लहान मुलांनी त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी आत्मसात केली. बर्फात वाढणाऱ्या मुलांनाही हे तितकेच लागू आहे, म्हणून हा प्रश्न केवळ मायदेशाचा राहत नाही.

अनुवाद थांबवा असे मी मुळीच म्हणणार नाही. झोपण्यापूर्वी मांडीवर बसून ऐकायच्या पुस्तकाने मुलाला सुरक्षित वाटावे, हे काम मोठे आहे आणि ही पुस्तके ते चांगले करतात. पण मराठी प्रकाशकांनी निवड करताना बर्फ आपला की परका, हे विचारण्याऐवजी यातले अस्वल कुठेतरी अस्वल उरले आहे का, हे पाहावे. चित्रे बदलता येत नसतील, तर मूळ प्रकाशकाची परवानगी घेऊन शेवटी एक पान जोडावे आणि पुस्तकातला प्रत्येक प्राणी खरा हिवाळा कसा काढतो, हे तिथे दोन-दोन वाक्यांत सांगावे.