जिवंत कीटक, थंडीपासून जपा

"अगं, तुझं पार्सल आलं होतं. नाशवंत वाटलं म्हणून मी फ्रिजमध्ये ठेवून दिलंय हं," हे वाक्य शेजारचे काका ज्या समाधानाने म्हणाले, ते समाधान अजून माझ्या डोक्यात जातं. पार्सलात रातकिडे होते. शिवाय सुपरवर्म, आणि एका डबीत मीलवर्म, दोन्ही अळ्याच. सगळे जिवंत. म्हणजे पाठवताना जिवंत. खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत छापलेलं होतं: 'जिवंत कीटक. थंडीपासून जपा.'

माझ्याकडे ठमाबाई नावाची लेपर्ड गेको आहे, म्हणजे कीटक खाणारी पाळीव पाल. दिवसभर ती झोपते, अंधार पडला की उठते, शेपटीत चरबी साठवते आणि माझ्याकडे घरमालकिणीच्या नजरेने बघते. गेको पाळण्यात अवघड असं काही नाही. अवघड असतं तिचं जेवण पाळणं. त्या जेवणाला जेवायला लागतं, प्यायला लागतं, ऊब लागते, कोरडी हवा लागते, आणि एवढं करून ते ठमाबाईच्या पोटात जाण्याआधीच आपल्या मर्जीने मरून जातं. पाण्याची बशी ठेवली तर रातकिडे तिच्यात बुडून मरतात. नाही ठेवली तर तहानेने. म्हणून गाजराचे काप द्यायचे. ते वेळेवर उचलले नाहीत तर बुरशी येते, ओल धरते, वास सुटतो आणि रातकिडे पुन्हा मरतात.

"काका, खोक्यावर लिहिलेलं होतं ना."

"वाचलं की! वाचल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही. 'जिवंत' म्हणजे ताजं. ताजं म्हणजे नासणार."

"पुढे 'थंडीपासून जपा' असंही होतं."

"ती बाहेरची थंडी. बाधते ती. फ्रिजची थंडी टिकवणारी असते."

यावर काय बोलायचं असतं? मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते पुढे म्हणाले, "आणि आत काहीतरी किरकिरत होतं. म्हटलं, हवा लागत नसेल. म्हणून पट्टी जराशी उचकटली. डोकावलो तर अंड्यांचे ट्रे! म्हटलं, हिने अंडी मागवलेली दिसतात. मग तर फ्रिजच."

"अंडी किरकिरतात का काका?"

"मी कशाला खोलात शिरू? दुसऱ्याच्या पार्सलात डोकावू नये माणसाने."

अंड्यांचे ट्रे असतात ते रातकिड्यांना बसायला. एकमेकांपासून लपायला आडोसा नसला की ते एकमेकांनाच खातात. आणि किरकिर आलीच कशी, हाही माझा एक सल आहे. मी मुद्दाम अर्धवट वाढलेले रातकिडे मागवले होते. त्यांना पूर्ण पंख फुटलेले नसतात, त्यामुळे ते गप्प असतात. गातात ते फक्त प्रौढ नर, पंखावर पंख घासून. पाठवणाऱ्याने वजन भरायला चार-दोन गवई आत घातले होते, असा माझा अंदाज आहे.

शेवटी मी काकांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी आधी फ्रिजच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे, मग खालच्या आवाजात विचारलं, "तू खात नाहीस ना?"

"काका! गेकोसाठी आहेत."

"म्हणजे पालीसाठी." त्यांना एकदम हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं की काका शिकवायला लागतात. "अगं, आमच्या ट्यूबलाइटमागे एक पाल आहे. कित्येक वर्षं आहे. तिला कोणी पार्सल मागवत नाही. स्वतः उठते, स्वतः शिकार करते, ट्यूब बंद केली की झोपते. तुझीला सवय लावलीस तू. दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप भिंतीवर चढेल."

लेपर्ड गेकोला भिंतीवर चढता येत नाही. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्याच नसतात. हे मी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "बघ, म्हणजे किती लाडावलीय!"

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, फ्रिजमध्ये हे खोकं कसलं?"

"काही नाही गं, अंडी आहेत," काका म्हणाले, आणि माझं खोकं त्यांनी दारातून अशा घाईने माझ्या हातात दिलं की त्यातलं अर्धं शोकनाट्य पायपुसण्यावर सांडलं.

घरी येऊन मोजदाद केली. मीलवर्म ठणठणीत होते. फ्रिजच्या गारव्यात ते सुस्तावतात, त्यांचं कोषात जाणं लांबतं, म्हणून त्यांना मुद्दामच गार जागी ठेवतात. म्हणजे काकांचा सिद्धांत तिघांपैकी एकाला लागू पडला, आणि हे त्यांना कळू नये एवढीच माझी इच्छा आहे. सुपरवर्म दिसायला मीलवर्मचे थोरले भाऊ, पण जात वेगळी. त्यांना फ्रिज सोसत नाही. सगळे काळे पडून लोळागोळा झाले होते. वास्तविक हा किडा मोठा बेरकी. घोळक्यात असेपर्यंत कोषात जातच नाही. एकेकटा वेगळ्या डबीत ठेवला की मग त्याचं रूप पालटतं आणि भुंगेरा बाहेर पडतो. मला ते बघायचं होतं, डब्यासुद्धा धुऊन ठेवल्या होत्या. रातकिड्यांपैकी काही उबेला ठेवल्यावर पाय हलवायला लागले. बाकीचे नाहीत.

पाठवणाऱ्यांची 'जिवंत पोचण्याची हमी' असते. मी तक्रार केली, फोटो पाठवले. उत्तर आलं, पार्सल शेजाऱ्यांनी स्वीकारलं तेव्हा आतून आवाज येत होता, अशी पोचवणाऱ्याची नोंद आहे. म्हणजे ज्या गवयांना मी बोलावलंच नव्हतं, त्यांनीच माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

लोकांना हे सगळं गमतीचं वाटतं, आणि तिथे माझा विनोद जरा संपतो. कोणाच्या कुत्र्याचं खाणं असं खराब केलं असतं, तर काकांनी चार वेळा माफी मागितली असती. कीटक म्हटलं की 'मेले तर मेले'. पण गेकोचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, ते याच खाण्यातल्या हयगयीने. रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं. म्हणून आधी एक-दोन दिवस त्यांना पालेभाजी-गाजर चारून टम्म करायचं, मग पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत घोळायचं, आणि तो पांढरा झालेला रातकिडा अंग झटकून मोकळा व्हायच्या आत ठमाबाईपुढे सोडायचा. मापही बघायचं: तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेला लगेच बाहेर काढायचा, नाहीतर तो रात्रीत तिलाच कुरतडतो. आणि ही सगळी उस्तवार केल्यावर बाई तोंड फिरवतात, कारण मागे एकदा त्यांना मेणकिड्याच्या अळ्या मिळाल्या होत्या. त्या म्हणजे नुसती चरबी. तेव्हापासून साध्या जेवणाकडे बघणं नाही.

सगळ्यांत सोयीचे म्हणतात ते डुबिया. गात नाहीत, फारसा वास नाही, काचेवर चढता येत नाही, मादी थेट पिल्लंच देते. फक्त ती झुरळं आहेत. 'आपण घरात झुरळं मागवूया' हे वाक्य मी घरच्यांपुढे नाना सुरांत म्हणून पाहिलं आहे. एकदाही पूर्ण करू दिलेलं नाही.

परवा काका पुन्हा दारात. चेहरा गंभीर. "तुझ्या त्या खोक्याने आमचा फ्रिज बिघडला."

"म्हणजे?"

"रात्रभर किरकिर करतो. मेकॅनिक बोलावला. त्याने फ्रिज पुढे ओढला की आवाज बंद. तो गेला की पुन्हा सुरू. त्याने काहीतरी बदललं, पैसे घेतले, तरी तेच. ही म्हणते, निम्मा खर्च तू द्यायला हवास."

माझ्या मनात पाल चुकचुकली. "काका, उकाडा असला की किरकिर भरभर होते, आणि गार वाटत असलं की सावकाश. असं काही?"

"अगदी! तुला कसं कळलं?"

१८९७ साली एमॉस डॉल्बेअर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने रातकिड्यांची किरकिर मोजून हवेचं तापमान काढण्याचं सूत्र मांडलं होतं. ते मोकळ्यावर गाणाऱ्या रातकिड्यांचं. काकांच्या फ्रिजमागे ते तंतोतंत लागू पडेल असा माझा दावा नाही, पण ऊब वाढली की लय वाढते हे खरंच. हे काकांना सांगावं असं वाटलं होतं, तेवढ्यात मला माझ्या सुपरवर्मच्या धुतलेल्या डब्या दिसल्या.

"निम्मा खर्च देते," मी म्हणाले. "माझ्या पार्सलचा निम्मा तुम्ही द्या."

"त्याचा इथे काय संबंध?" काका खरोखर चकित झाले होते. "मी तर मदत केली होती."

फ्रिजच्या मागे छान ऊब असते, खाली काहीबाही सांडलेलं असतं, आणि अशा जागी प्रौढ रातकिडा काही आठवडे सहज काढतो. मी काकांना मेकॅनिक बदलून बघा म्हणाले.