भांडण दोघांचं, चेष्टा तिसऱ्याची

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. देशोदेशीचे दूतावास आणि मंत्रालयं समाजमाध्यमांवर एकमेकांना जे चिमटे काढतात, मीम टाकतात, त्याचं त्यात तोंडभरून कौतुक आहे. मजकुराचं सार असं: हा नुसता विनोद आहे, ज्याला राग येतो त्याला विनोदबुद्धी नाही. खातं चालवणारं कुणीतरी विशीतलं पोरगं असतं, त्यासाठी अख्ख्या देशाला धरू नये. चुकलंच तर पोस्ट काढून टाकतात, विषय संपतो. कोरड्या सरकारी पत्रकांपेक्षा मीममुळे सामान्य माणसाला जगाचं राजकारण जास्त कळतं. मुत्सद्दी लोक पूर्वीपासून टोमणे मारतच आलेत. आणि शेवटी, भारतानंही आता असंच जशास तसं खेळावं.

चांगली शिकलेली, विचार करणारी माणसं 'अगदी बरोबर' असं लिहून हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. त्यातला एक मुद्दा मला निम्मा पटतो, बाकीचे पटत नाहीत.

पहिला मुद्दा विनोदबुद्धीचा. 30 एप्रिल 2023 ला युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाच्या ट्विटर खात्यावर एक चित्र आलं. स्फोटातून उठलेला धुराचा प्रचंड लोट, आणि त्या लोटातून साकारलेली कालीमाता: जीभ बाहेर, गळ्यात मुंडमाळा, आणि मेरिलिन मन्रोच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रासारखा वाऱ्यानं उडालेला झगा. सोबत शब्द होते, 'वर्क ऑफ आर्ट'. युक्रेनचं युद्ध रशियाशी चाललेलं. रशियाला डिवचायला युक्रेननं हजार चित्रं काढावीत, त्यांच्या गावांवर क्षेपणास्त्रं पडत होती, त्यांना तो हक्क आहे. पण काली त्या भांडणात कुठे होती? आपल्या कवठेमहांकाळला गावाच्या नावातच देवी आहे, तिथल्या साखर कारखान्यालाही तिचंच नाव. तिथल्या एखाद्या आजीबाईंनी युक्रेनचं काय वाकडं केलं होतं?

त्याच एप्रिलमध्ये युक्रेनच्या पहिल्या उपपरराष्ट्रमंत्री एमिने झापारोवा दिल्लीत येऊन गेल्या होत्या. युद्ध सुरू झाल्यानंतर त्यांच्या सरकारमधलं इतकं वरिष्ठ माणूस पहिल्यांदाच भारतात आलं होतं. औषधं आणि मदत मागणारं राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांचं पत्र त्यांनी सोबत आणलं होतं. त्यांची भेट उरकून महिनाही झाला नव्हता तोच त्यांच्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यानं हे चित्र टाकलं आणि माफीची भाषा करायची वेळ त्यांच्यावर आली. त्यांनी खेद व्यक्त केला, भारतीय संस्कृतीचा आदर असल्याचं लिहिलं, चित्र काढल्याचं सांगितलं. या चित्राचा आधार घेऊन युक्रेनवर पडणाऱ्या बॉम्बचं समर्थन करणारेही तेव्हा दिसले. ते मला चित्रापेक्षा कितीतरी वाईट वाटलं, हेही इथे नोंदवतो. 2022 मध्ये तिथून सुमारे 22 हजार 500 भारतीय बाहेर पडले, त्यात आपल्या भागातली वैद्यकीय शिकणारी मुलंही होती. त्या देशाचं दुःख आपल्याला परकं नाही. म्हणून तर ते चित्र जास्त लागलं.

आता दुसरं उदाहरण घ्या. जानेवारी 2023. रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. जर्मनीनं युक्रेनला 'लेपर्ड' म्हणजे 'बिबट्या' नावाचे रणगाडे द्यावेत की नाही यावर युरोपात रण माजलेलं. जर्मन परराष्ट्र मंत्रालयाच्या इंग्रजी खात्यानं लिहिलं की लावरोव आफ्रिकेत आलेत ते बिबटे बघायला नव्हे. 'बिबटे' या शब्दाच्या जागी बिबट्याचं छोटं चित्र. बर्लिनमध्ये बसलेल्याला ही रणगाड्यावरची हुशार कोटी वाटली असणार. आफ्रिकी संघाच्या प्रवक्त्या एब्बा कालोंडो यांना मात्र त्यात भलतंच दिसलं. त्यांनी विचारलं की थोड्याच दिवसांपूर्वी जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री आमच्या मुख्यालयात आल्या होत्या त्या काय प्राणी बघायला, आणि हा खंड, इथली माणसं तुम्हाला थट्टेचा विषय वाटतात का? जर्मनीला खेद व्यक्त करावा लागला.

दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. ज्यांना राग आला ते त्या भांडणात नव्हतेच. दोन शेजाऱ्यांचं बांधावरून भांडण जुंपावं आणि एकानं दुसऱ्याला खिजवायला तिसऱ्याच्या देवघरातली मूर्ती उचलून आणावी, तसं हे आहे. तो तिसरा संतापला तर त्याला 'तुला विनोद कळत नाही' म्हणायचं? त्याला विनोद नीट कळलेला असतो. त्यात आपल्याला सामान म्हणून वापरलंय, हेही त्याला कळलेलं असतं. समाजमाध्यमांवरच्या सरकारी विनोदात मला दिसणारा मूळ दोष हाच आहे, आणि पुढच्या उदाहरणांतही तो पुन्हा पुन्हा भेटेल.

पुढचा मुद्दा, खातं एखादं पोरगं चालवतं. चालवत असेल. पण त्या खात्यावर राजचिन्ह आहे, अधिकृत असल्याची खूण आहे, आणि त्याच खात्यावरून उद्या युद्धबंदीची किंवा व्हिसाची बातमी येणार आहे. ती बातमी आपण 'पोरानं टाकली' म्हणून सोडून देत नाही. राजनैतिक संबंधांबद्दलचा 1961 चा व्हिएन्ना करार दूतावासांची कामं सांगतो, त्यात आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करणं आहे आणि यजमान देशाशी मैत्रीचे संबंध वाढवणं हेही आहे. पोस्ट टाकणं हे त्याच कामाचा भाग असेल तर त्याची जबाबदारीही त्याच खुर्चीची. मे 2021 मध्ये चीनमधल्या अमेरिकी दूतावासाच्या व्हिसा विभागानं वेइबोवर, म्हणजे चीनमधल्या ट्विटरसारख्या माध्यमावर, कुत्र्याचा फोटो टाकला आणि अमेरिकेला शिकायला जाण्यासाठी थांबलेल्या चिनी विद्यार्थ्यांना विचारलं की वसंत आलाय, बाहेर खेळायला जायला तुम्हीही याच्यासारखेच आतुर आहात का. हेतू गोड असेलही. पण कोविडमुळे वर्षभर व्हिसासाठी ताटकळलेल्या मुलांना व्हिसा देणाऱ्याच कार्यालयानं कुत्र्याच्या रांगेत बसवलं. मित्रानं हेच म्हटलं असतं तर हसून सोडलं असतं. व्हिसाचा शिक्का ज्याच्या हातात आहे त्याला उलटून चेष्टा करता येत नाही. दूतावासानं माफी मागितली आणि पोस्ट काढली. त्या माफीत 'आमच्या पोरानं केलं' असं म्हणण्याची सोय नव्हती.

'काढून टाकलं की विषय संपला' या वाक्यावर मात्र मला थांबायचंय.

1 मे 2021. भारतात त्या दिवशी पहिल्यांदा एका दिवसातल्या नव्या कोविड रुग्णांचा आकडा 4 लाखांच्या वर गेला. मिरजेचं सिव्हिल कोविडसाठी दिलेलं होतं. ऑक्सिजनच्या खाटेसाठी जत-आटपाडीपासून माणसं मिरजेला धावत होती आणि घरातल्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळत नव्हतं. साताऱ्यालाही संगम माहुलीच्या स्मशानभूमीत चिता विझत नव्हत्या. ज्यांच्या घरात हे झालं त्यांना त्याचं वर्णन वाचायची गरज नाही. त्याच दिवशी चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय राजकीय व विधी आयोगाच्या वेइबो खात्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी आली. एकीकडे चीनच्या अंतराळस्थानकाचा पहिला भाग घेऊन झेपावणारं रॉकेट, दुसरीकडे भारतातल्या पेटलेल्या चिता. मथळ्याचा अर्थ: चीन आग पेटवतो तेव्हा आणि भारत आग पेटवतो तेव्हा. त्याच्या आदल्याच दिवशी चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी भारताच्या पंतप्रधानांना सहवेदनेचा संदेश पाठवला होता.

हे खातं दूतावासाचं नव्हतं हे मान्य, पण सत्तेतल्या पक्षाच्या अधिकृत यंत्रणेचं होतं. चीनमधूनही त्यावर टीका झाली, तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या 'ग्लोबल टाइम्स' या वृत्तपत्राचे तेव्हाचे संपादक हू शीजिन यांनीही ते अयोग्य ठरवलं. अशा वेळी भारताबद्दल सहानुभूतीच दाखवायला हवी, असं तिथले कितीतरी लोक म्हणत होते, आणि ते सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. पोस्ट काढली गेली. पण विषय संपला का? ती दोन चित्रं आजही कुणीही शोधून काढू शकतो. आदल्या दिवशीचा सहवेदनेचा संदेश आज कुणाला आठवतो? ज्या मुलाचा बाप त्या आठवड्यात गेला त्याला 'त्यांनी नंतर काढलं होतं' हे सांगून काय मिळणार? माफी मागितली तर निदान माणूस समोर येतो, चूक कबूल करतो. गुपचूप काढून टाकण्यात तेवढंही नसतं.

मीममुळे राजकारण कळतं, हा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. ऑगस्ट 2014 मध्ये नाटोतल्या कॅनडाच्या शिष्टमंडळानं एक नकाशा टाकला होता. रशियाचे सैनिक 'चुकून' युक्रेनमध्ये शिरले असं तेव्हा सांगितलं जात होतं. नकाशावर रशियाच्या भागावर लिहिलं होतं 'रशिया' आणि युक्रेनच्या भागावर 'रशिया नाही'. भूगोल अवघड असतो म्हणून ही मदत, असं सोबत. पानभर निवेदनानं जे साधलं नसतं ते या नकाशानं साधलं. तो चालला, कारण चिमटा बरोबर ज्याला काढायचा त्यालाच काढला होता. तिसरा कुणी त्यात नव्हता, आणि विनोदाच्या आत एक ठाम विधान होतं: ही सीमा इथे आहे.

पण मार्च 2018 मध्ये लंडनच्या रशियन दूतावासानं काय केलं तेही बघा. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत ब्रिटनसाठी हेरगिरी केलेले माजी रशियन अधिकारी सर्गेई स्क्रिपाल आणि त्यांची मुलगी युलिया यांच्यावर विषप्रयोग झाला होता. दोघं रुग्णालयात मृत्यूशी झुंजत असताना दूतावासानं अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांतला गुप्तहेर हर्क्युल पॉयरो याचा फोटो टाकून लिहिलं की पुरावे नसताना सॉल्झबरीत पॉयरोचीच गरज आहे. चार महिन्यांनी त्याच विषानं डॉन स्टर्जेस ही महिला मेली. तिचा हेरगिरीशी काही संबंध नव्हता, फेकून दिलेल्या अत्तराच्या बाटलीत ते विष होतं. या मीममधून सामान्य माणसाला राजकारण काय कळलं? पुराव्यावरची चर्चा एका विनोदावर नेऊन ठेवण्याचं काम तेवढं झालं. मीम समजावूनही सांगतं आणि डोळ्यांत धूळही फेकतं, आणि सरकारं त्याचा दुसरा उपयोग जास्त करतात असं माझं मत आहे.

पूर्वीचे मुत्सद्दी टोमणे मारत, हे खरं. पण ते बंद खोलीत, समोरच्या माणसाच्या तोंडावर, त्याचा चेहरा बघत. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी 1839 मध्ये गादीवरून काढलं, त्यानंतर रंगो बापूजी गुप्ते त्यांचे वकील म्हणून लंडनला गेले आणि 1853 पर्यंत कंपनीच्या दारात दाद मागत राहिले. साताऱ्यात 'चार भिंती' स्मारकाच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. महाराज वारले, राज्य खालसा झालं, तरी हा माणूस कागद, पुरावे आणि भाषणं घेऊन लढत होता. शत्रूच्या राजधानीत आपल्या बाजूची माणसं जोडायची तर प्रत्येक शब्द तोलावा लागतो. आजच्या दूतावासाची पोस्ट मात्र घरच्या टाळ्यांसाठी लिहिली जाते आणि वाचतं सगळं जग.

राहिला शेवटचा मुद्दा, भारतानंही असंच करावं. हसायला माझी ना नाही. जून 2023 मध्ये जपानचे तेव्हाचे भारतातले राजदूत हिरोशी सुझुकी पुण्यात आले, वडापाव खाल्ला, तिखट जरा कमी करा म्हणाले, मग झणझणीत कोल्हापुरी जेवणाचा व्हिडिओ टाकून लिहिलं की बायकोनं मला हरवलं. पंतप्रधान मोदींनी उत्तर दिलं की ही हार तुम्हाला चालण्यासारखी आहे. तो व्हिडिओ सांगलीतही घरोघरी बघितला गेला. राजदूत स्वतःवर हसले होते आणि आपल्या ताटाचा मान ठेवून हसले होते.

जशास तसं कसं होतं ते मालदीवच्या प्रकरणात दिसलं. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप दौऱ्यानंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यांची टिंगल करणाऱ्या पोस्ट टाकल्या. तिथल्या सरकारनं ही त्यांची वैयक्तिक मतं म्हटलं, तरी तिघांना निलंबित करावं लागलं. आपल्याकडून बहिष्काराची लाट उठली. 2023 मध्ये 2 लाखांहून जास्त भारतीय पर्यटक तिथे गेले होते, 2024 मध्ये तो आकडा सुमारे 1 लाख 30 हजारांवर आला. त्याला फक्त त्या पोस्टच कारण होत्या असं मी म्हणणार नाही, पण झळ बसली ती होडी चालवणाऱ्याला आणि हॉटेलात भांडी घासणाऱ्याला. पुन्हा तिसराच माणूस.

भारत सरकारनं त्या वेळी मालदीवच्या उच्चायुक्तांना बोलावून नाराजी सांगितली. एप्रिलमध्ये, आपल्या कारखान्यांची साखर एरवी निर्यातबंदीत अडकलेली असताना, मालदीवसाठी 64 हजार टनांहून जास्त साखर, 35 हजार टनांहून जास्त कांदा, शिवाय तांदूळ आणि अंडी यांचा 1981 पासूनच्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा कोटा मंजूर केला. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात त्यावर कुरकुर होणं साहजिक होतं. पण ऑक्टोबर 2024 मध्ये मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला आले, आणि जुलै 2025 मध्ये त्यांच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते.