शेवट नेमका कितव्या पानावर?

फँटसी ट्रिलॉजीबद्दल, म्हणजे जादूच्या जगातल्या तीन भागांच्या कादंबरीबद्दल, विचारलेला "तिसरा भाग कसा आहे?" हा प्रश्न दिसायला साधा आहे. विचारणाऱ्याला उत्तर एका वाक्यात हवं असतं आणि ज्याला विचारलंय त्याच्या डोक्यात ९०० पानं असतात. शिवाय कोण मेलं, कोण वाचलं, कोण कुणाचा बाप निघाला, यातलं एक अक्षर तोंडून निसटता कामा नये. "छान आहे" म्हणावं, तर समोरचा डोळे बारीक करून म्हणतो, "पण मी तर ऐकलं शेवटी माती खाल्ली म्हणून." "माती खाल्ली" म्हणावं, तर शेजारचा अंगावर येतो. म्हणून मी हल्ली "जाड आहे" एवढंच सांगतो. त्याबाबत अजून कुणाचं दुमत झालेलं नाही.

फँटसी ट्रिलॉजीच्या पहिल्या भागावरून डोकी फुटत नाहीत. ज्याला रुचत नाही तो साठाव्या पानावर पुस्तक मिटतो आणि आपल्या कामाला लागतो. तिसऱ्या भागापर्यंत टिकतात ते निष्ठावंत. त्यामुळे तिसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त तारे मिळालेले दिसले, तर लगेच हुरळून जाऊ नये. नाकं मुरडणारे दोन थांबे आधीच उतरून गेलेले असतात. गंमत अशी, की एवढी चाळणी लागूनही उरलेल्या निष्ठावंतांत उभी फूट पडते, आणि ती भाऊबंदकीच्या दर्जाची असते. कारण प्रत्येकाचं भांडवल अडकलेलं असतं. पहिला भाग ५०० पानांचा, दुसरा ७०० आणि तिसरा ९०० धरा. तासाला ४० पानं या बऱ्यापैकी वेगाने हे साडेबावन्न तास होतात. एवढा वेळ घालून "ठीक होतं" असं कुणाला म्हणवत नाही. एक तर डोक्यावर घ्यायचं, नाही तर पायाखाली.

कुणी "शेवट फसला" म्हणालं, की मी फक्त एक विचारतो: कितव्या पानावर?

विचारण्याचं कारण आहे. या जाडजूड भागाला एक शेवट नसतो, चार असतात. ७८० व्या पानावर खलनायक पडतो. ८१० वर राज्याभिषेक आणि उरलेल्यांची लग्नं. ८४० वर मंडळी आपापल्या घरी परततात आणि घर ओळखू येत नाही. ८५५ वर "वीस वर्षांनंतर" अशी ओळ येते आणि कुणाच्या तरी मुलीला मेलेल्या मैत्रिणीचं नाव दिलेलं निघतं. आता एक वाचक म्हणतो, "शेवट किती लांबवला!" दुसरा म्हणतो, "शेवट गुंडाळला हो!" दोघांत तासभर जुंपते. पहिला बोलत असतो ७८० नंतरच्या पानांबद्दल आणि दुसरा ६०० ते ७८० बद्दल. दोघांचंही खरं असतं. पुस्तक जिथे पळायला नको होतं तिथे पळालेलं असतं आणि जिथे थांबायचं तिथे रेंगाळलेलं असतं. पण पान क्रमांक कुणी उच्चारत नाही, त्यामुळे हे भांडण निकाली निघत नाही.

यात सगळ्यात जुनं उदाहरण टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं. खरं तर ती ट्रिलॉजी म्हणून लिहिलेलीच नव्हती. कादंबरी एकच. युद्धानंतरच्या काळात कागद महाग, म्हणून प्रकाशकाने १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत काढली. तिसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात नऊ प्रकरणं आहेत आणि ज्या अंगठीसाठी एवढा खटाटोप, ती तिसऱ्याच प्रकरणात नष्ट होते. पुढे सहा प्रकरणं आणि त्यावर परिशिष्टं. एका गटाला ही सहा प्रकरणं म्हणजे पाहुण्याने दारात उभं राहून मारलेल्या गप्पा वाटतात. दुसऱ्या गटाच्या मते, हॉबिट, म्हणजे कथेतले बुटके नायक, गावी परततात आणि गावच नासलेलं सापडतं, ते प्रकरण काढलं तर कादंबरीचा प्राणच गेला. २००३ च्या चित्रपटात ते नेमकं वगळलं. तरीही चित्रपटाबद्दल तक्रार काय, तर संपता संपत नाही! मी दुसऱ्या गटातला आहे, हे सांगून टाकतो. पहिल्या गटाने इथून पुढे वाचायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

आता अंगठ्याबद्दल. अंगठी नव्हे, हाताचा अंगठा. छापील पुस्तक वाचताना उजवा अंगठा सतत उरलेल्या पानांची जाडी मोजत असतो. मेंदूला याचा पत्ता नसतो, पण त्याचं वेळापत्रक त्यावरच बेतलेलं असतं. जाडी सांगते, अजून चाळीसेक पानं आहेत, म्हणजे नायक नक्की परत येणार. आणि ८६२ व्या पानावर कथा संपते. उरलेल्या ३८ पानांत नावांची सूची, राजवंशाची वंशावळ, काल्पनिक भाषेचे उच्चार, आभार (यात लेखकाची मांजर असतेच) आणि लेखकाच्या पुढच्या मालिकेचं पहिलं प्रकरण. वाचक अक्षरशः पायरी आहे समजून पाय टाकतो आणि सपाट जमिनीवर आपटतो. "शेवट अचानक झाला" या तक्रारींतला बराचसा वाटा या ३८ पानांचा आहे, असं माझं ठाम मत आहे. ई-रीडरवर तर ९५ टक्क्यांवर पडदा पडतो आणि उरलेले पाच टक्के मांजरीचे. उपाय सोपा: वाचायला घेण्याआधी शेवटाकडून मागे या, सूची आणि आभार ओलांडा, आणि कथा जिथे संपते त्या पानाचा फक्त क्रमांक पाहा. नजर ओळींवर पडू द्यायची नाही. हे जमायला थोडी साधना लागते.

गुंडाळल्याची तक्रार मात्र नुसती अंगठ्याची नसते. ती तपासायला दोन खुणा पुरतात. पहिली, प्रवासाचा वेग. पहिल्या भागात जी दरी ओलांडायला ३०० पानं, दोन घोडे आणि एक जिवलग मित्र खर्ची पडला, तीच तिसऱ्या भागात "तिसऱ्या दिवशी ते राजधानीत पोचले" एवढ्यात पार होत असेल, तर लेखकाच्या मानेवर तारीख बसलेली आहे. दुसरी, जादूचे नियम. ब्रँडन सँडरसन या लेखकाने यावर एक नियमच सांगून ठेवला आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितकीच ती संकट सोडवायला वापरलेली पटते. म्हणजे खलनायक ज्या मंत्राने पडला, तो मंत्र पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. पहिल्या भागात सहज येऊन गेला असेल तर "वा!" तिसऱ्या भागाच्या ७४० व्या पानावर म्हातारा गुरू "एक गोष्ट तुला सांगायची राहिली" म्हणत असेल, तर "हात् तिच्या!" गुरू दोन भाग गप्प का बसला होता, याचं समाधानकारक उत्तर मी तरी अजून वाचलेलं नाही.

थोडा दोष वाचण्याच्या पद्धतीचाही. तिन्ही भाग एका दमात वाचणारे आणि दर भागासाठी वर्षानुवर्षं थांबणारे, हे दोन वेगळे प्राणी आहेत. एका दमात वाचणाऱ्याला पुनरुक्ती बोचते. नायिकेने ओठ चावला, हे त्याने आठवड्याभरात एकशे बाराव्यांदा वाचलेलं असतं. थांबलेल्याला ओठांचं काही नाही, त्याचा प्रश्न वेगळा: हा ओठ कुणाचा? रात्रभर रामायण आणि सकाळी रामाची सीता कोण. त्याने पहिले दोन भाग पुन्हा वाचावेत, तर १२०० पानं, ३० तास. म्हणून तो सारांशावर भागवतो, आणि सारांशात नेमका तो फुटकळ रखवालदार नसतो, जो तिसऱ्या भागात राजपुत्र निघतो.

पण थांबलेल्याची खरी अडचण विसरण्याची नसून रचण्याची असते. चार वर्षांत त्याने मनात स्वतःचा तिसरा भाग लिहून काढलेला असतो, पुराव्यांसकट. छापलेला भाग त्याच्याशी जुळला तर "अंदाज आलाच होता", नाही जुळला तर "लेखकाला पात्रं कळलीच नाहीत". लेखकाने जिंकायचं कसं? काही लेखक जिंकायच्या भानगडीतच पडत नाहीत. पॅट्रिक रॉथफस यांच्या ट्रिलॉजीचा पहिला भाग २००७ चा, दुसरा २०११ चा, आणि तिसऱ्याची वाट पाहणारे अजून वाटच पाहत आहेत. न आलेल्या भागाचा शेवट कुणाला वाईट म्हणता येत नाही, हेही खरं.

मृत्यूवरून होणारं भांडण सगळ्यात कडू, आणि ते न फोडता बोलणं महाकठीण. एक खूण तेवढी सांगतो. दोन भाग एकच नायिका "मी, मी" करत गोष्ट सांगते आणि तिसऱ्यात अचानक दुसरा निवेदक येऊन अर्धी प्रकरणं वाटून घेतो, तर रुमाल जवळ ठेवा. २०१३ मध्ये व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट' मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या, 'अलीजंट'च्या, चाणाक्ष वाचकांना पहिल्याच प्रकरणांत शंका आली होती. का, ते विचारू नका. आणि स्पॉयलरचा, म्हणजे गोष्ट आधीच फोडण्याचा, दोष नेहमी वाचकालाच का? 'रिंग्ज'च्या तिसऱ्या खंडाचं 'द रिटर्न ऑफ द किंग' हे नाव टॉल्किन यांना स्वतःलाच नको होतं. गोष्ट त्यात फुटते, 'द वॉर ऑफ द रिंग' बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकाशकापुढे त्यांचं चाललं नाही.

"वीस वर्षांनंतर"वाल्या उपसंहाराला लोक सर्रास नावं ठेवतात, मीही ठेवतो. पण १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा छळ निवडला. लाडकं पात्र मारल्यावर लेखक जी ती गोडगोड पानं जोडतो, ती हीच तीस सेकंदं. पाणी तेव्हाही गारच असतं.

आणि एवढं भांडून शेवट तरी शेवट असतो का? उर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी'ची पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ या काळात आली. वाचकांनी ती ट्रिलॉजी म्हणून शेल्फवर लावली, मतभेदही लावून ठेवले. १८ वर्षांनी, १९९० मध्ये, चौथं पुस्तक आलं. उपशीर्षक: 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक'. त्यात मोठा जादूगार जादू गमावून बसलेला आणि गोष्ट घरकामाची, शेळ्यांची, बायकांच्या रोजच्या जगण्याची. यावर पुन्हा दोन तट पडले. मग २००१ मध्ये आणखी दोन पुस्तकं आली.