फाइल आहे हो, आहे!

मेव्हन, म्हणजे आमचा जावा प्रोजेक्ट बिल्ड करणारा गडी, म्हणतो, चेकस्टाइलची (कोडची शिस्त तपासणाऱ्या प्लगिनची) नियमांची फाइल सापडत नाही. मी फोल्डर उघडतो तर फाइल ढळढळीत समोर. पुन्हा बिल्ड, पुन्हा तीच लाल अक्षरं.

प्रोजेक्टात मॉड्यूल, म्हणजे वेगवेगळे बिल्ड होणारे भाग, ढीगभर, नियमांची फाइल मात्र एकच, सगळ्यात वरच्या 'कॉन्फिग' फोल्डरात. पेरेंट पोममध्ये (सगळ्या मॉड्यूलांच्या सामायिक सेटिंगच्या फाइलीत) एकदा 'बेसडिर' (मॉड्यूलच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता) लावून पाथ लिहिला की पोरंबाळं वारशानं वापरतील, हा भाबडा हिशेब. पण मेव्हन आधी वारसा वाटतो आणि बेसडिरची किंमत मागाहून भरतो. म्हणजे आईनं 'आपल्या घरातल्या कपाटात बघ' अशी चिठ्ठी लिहावी आणि वेगळ्या राहणाऱ्या प्रत्येक पोरानं ती वाचून स्वतःच्याच घरात कपाट शोधावं, तशी गत.

मग येतात दोन टिंबं आणि तिरकी रेघ. एक पायरी वर जा! पोरांचं भागतं, आई मात्र प्रोजेक्टच्याच बाहेर पडते. त्यात कुणी हौशी मॉड्यूलच्या पोटात मॉड्यूल काढतो. त्याच्यासाठी दोन पायऱ्या.

टेस्टची तऱ्हा वेगळीच. शुअरफायर (मेव्हनचा टेस्ट चालवणारा प्लगिन) त्या त्या मॉड्यूलच्या फोल्डरातून चालवतो, आमच्या टीममधल्या एकाचा एडिटर थेट वरून. "माझ्याकडे तर चालतंय रे," तो म्हणतो, आणि वाईट हे की ते खरं असतं.

यावर 2015 साली मेव्हन 3.3.1 मध्ये तोडगा आला: अख्ख्या प्रोजेक्टच्या मुळाचा पत्ता सांगणारी 'मल्टिमॉड्यूलप्रोजेक्टडिरेक्टरी'. नाव घेताना मध्ये एकदा दम खावा लागतो. 'डॉट एमव्हीएन' फोल्डर दिसेपर्यंत मेव्हन वर वर चढतो आणि तो दिसला की तीच मुळाची जागा. छानच! म्हणून तो फोल्डर रिकामाच करून कमिट केला. पण गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन, रिकामे फोल्डर ठेवतच नाही. माझ्या मशीनवर मूळ, सर्व्हरवर निर्मूळ. आता त्यात एक रिकामी फाइल पहाऱ्याला बसवली आहे. तिला कुणी हात लावायचा नाही.

जाणकार म्हणतात, पाथचा नाद सोडा, नियमांचं छोटं मॉड्यूल करून जार (एकत्र बांधलेली फाइल) बनवा आणि प्लगिनला डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणारी गोष्ट, म्हणून द्या. सल्ला खरंच चांगला आहे. दिली. लगेच नवी तक्रार: चक्राकार संदर्भ! पेरेंटच्या प्लगिनला ते मॉड्यूल हवं, मॉड्यूलला पेरेंट हवा, कोण आधी बिल्ड होणार? शेवटी त्या मॉड्यूलच्या पोममधून पेरेंटचा टॅगच उडवला. अनाथ झाल्याबरोबर ते पहिल्या फटक्यात बिल्ड झालं.