जेलीफिशला पोट असतं!
तुमचा जेलीफिशवरचा लेख आवडला, पण ‘जेलीफिशला पोटच नसतं’ हे वाक्य पटलं नाही. मेंदू नसतो, हृदय नसतं, पोट मात्र असतं. मून जेलीफिश या प्रकाराचंच बघा. छत्रीसारख्या अंगावरच्या चिकट स्रावात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, अडकतात, हळूहळू कडेला सरकतात आणि तोंडाजवळचे चार लांब हात ते टिपून घेतात. पोटातले नाजूक तंतू पाचकरस सोडतात, मग अर्धवट पचलेलं अन्न नलिकांमधून छत्रीभर फिरतं. रक्तच नाही, म्हणून वाटपही पोटालाच करावं लागतं! उरलेला चोथा पुन्हा तोंडातूनच बाहेर. आर्टेमिया या कोळंबीसारख्या छोट्या जीवाची नारिंगी पिल्लं खाल्ली की पारदर्शक अंगातून पोट नारिंगी दिसतं, फार सुंदर दृश्य. आणि लेखातल्या फोटोत जेलीफिशच्या अंगात दिसणारी चार कडी म्हणजे डोळे नव्हेत, त्या जननग्रंथी आहेत. ‘पोटच नसतं’ तेवढी ओळ कृपया दुरुस्त करा.